एन्झाइमचा कोप

नागपूरच्या महाल भागातल्या एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात दर रविवारी सकाळी एखाद्या लग्नालाही जमणार नाही एवढी गर्दी जमायची. सायकलरिक्षांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत जायची. कोणी शिंकत असायचं, कोणी नाक पुसत, कोणी मान खाजवत. दम्याचे जुने रोगी भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांवर हात टेकून बसलेले असायचे. १९७९ सालचा सप्टेंबर होता तो. पाऊस ओसरला होता आणि शहरातल्या प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर, प्रत्येक नालीच्या काठाला गाजरगवत कंबरभर वाढून पांढऱ्या फुलांनी भरलं होतं. त्या गवतानं निम्म्या नागपुराला शिंका आणल्या होत्या आणि ‘ॲलर्जी’ हा शब्द घरोघरी पोचवला होता. शब्द पोचला होता, अर्थ पोचला नव्हता. त्या मधल्या जागेत प्रोफेसर चंपतराव रोडे यांनी आपलं बस्तान बसवलं होतं.

प्रोफेसर कुठल्या कॉलेजात शिकवतात हे कुणी विचारलं नव्हतं. धोतरावर डॉक्टरांचा पांढरा कोट, कपाळाला अष्टगंध आणि गळ्यात स्टेथोस्कोप. एवढ्या सामानावर कोणत्याही माणसाचं समाधान व्हावं.

“बंधू-भगिनींनो!” माईक खरखरला. “आपल्या ऋषींनी ज्याला जठराग्नी म्हटलं, त्यालाच आज जर्मनी एन्झाइम म्हणते! फरक एवढाच, की ऋषी फुकट सांगून गेले आणि जर्मनीनं पेटंट घेतलं!”

हशा झाला. टाळ्या झाल्या.

प्रोफेसरांनी काचेची एक बरणी उंच धरली. आत गढूळ पाणी होतं. “काल संध्याकाळी ह्याच्यात मटणाचा तुकडा टाकला होता. आज कुठे आहे? एन्झाइमनं खाल्ला! बेसा गावच्या माझ्या बागेतल्या पपईचा चीक आहे हा, मंत्र नाही, सायन्स आहे! जे मटण खातं ते तुमची ॲलर्जी खाणार नाही का?”

“खाईल!” पटांगण म्हणालं.

मग मुख्य प्रयोग. त्या दिवशी धोंडबा पानवाल्याला वर बोलावलं होतं. प्रोफेसरांनी खिशातून पितळेची डबी काढली आणि तिच्यातली चिमूटभर भुकटी धोंडबाच्या डाव्या हातावर चोळली. “हे गाजरगवताचे परागकण. शुद्ध विष!” धोंडबा क्षणभर हसत उभा राहिला. मग त्यानं हात खाजवला. मग दोन्ही पाय आपटत, दात-ओठ खात तो असा खाजवायला लागला की पुढच्या ओळीतल्या बायांनी तोंडाला पदर लावले. हातावर लाल गांधी उठल्या.

“ह्याच्या रक्तात ॲलर्जी आहे! आता पाहा.” प्रोफेसरांनी त्याच्या जिभेवर बाटलीतले पाच थेंब सोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि खिशातून पुन्हा डबी काढून भुकटी उजव्या हातावर चोळली. सगळे श्वास धरून बसले. उजवा हात थंडगार. ना खाज, ना गांधी.

“काय गा धोंडबा, होते का काही?” गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

“काही नाही ना बाप्पा!” धोंडबा म्हणाला. उजवा हात त्यानं झेंड्यासारखा वर धरला होता. डावा अजून मांडीवर घासणं चालूच होतं, पण तिकडे कोण बघतो?

शेवटी प्रोफेसरांनी आपलं सर्वांत मोठं नवल समोर आणलं. ते नवल म्हणजे प्रेमिला. हिंगण्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या देवरावची बायको, वय सव्वीस. लहानपणापासून दमा. लग्नानंतर तिनं कित्येक रात्री भिंतीला टेकून, उशी छातीशी धरून बसून काढल्या होत्या. गेल्या दिवाळीपासून ती प्रोफेसरांची ‘एन्झाइमची’ पांढरी पुडी रोज घेत होती आणि दमा गेला होता. नुसता गेला नव्हता, तिच्या काडीसारख्या अंगावर मांस चढलं होतं, गाल गोल झाले होते, चेहरा चंद्रासारखा भरला होता.

“पाहा ही माउली!” प्रोफेसर म्हणाले. “हिला मरायला टाकलं होतं डॉक्टरांनी!”

गर्दीच्या मागच्या टोकाला एक डॉक्टरच उभी होती. डॉ. शामला मेश्राम. त्याच गल्लीच्या कोपऱ्यावर तिचा दवाखाना होता आणि प्रेमिलाला तिनं कधी कुठे टाकलं नव्हतं. कित्येक वेळा इंजेक्शन देऊन, उशाशी बसून तिला पहाट दाखवली होती. शामलानं हात वर केला.

“प्रोफेसरसाहेब, एक विनंती आहे. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत तुमचे थेंब, दुसरीत साधं पाणी. कुठली कुठली हे तुम्हालाही माहीत नको, रोग्यालाही नको. अर्ध्या लोकांना ही द्या, अर्ध्यांना ती. मग हातावर भुकटी चोळा. फरक पडला तर मी माझ्या दवाखान्यात तुमचे थेंब ठेवीन.”

प्रोफेसर प्रेमळपणे हसले. “डॉक्टरबाई, एन्झाइम जिवंत असतं. आईच्या दुधाची कोणी परीक्षा घेतो का?”

पटांगण टाळ्यांनी दणाणलं. शामलाकडे लोक असे वळून पाहू लागले, जणू ती खरंच कुणाच्या आईबद्दल वावगं बोलली होती.

दोन-तीन दिवसांनी प्रेमिला दवाखान्यात आली. तव्यानं मनगट भाजलं होतं आणि जखम भरत नव्हती.

“कधी भाजलं हे?”

“मयना होऊन राहिला बाई. सुकतच नाही.”

शामलानं पट्टी सोडली. मग बाही वर केली. दंडावर काळेनिळे डाग होते, कुठेही न आपटता पडलेले. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती. तिनं प्रेमिलाला पोट दाखवायला सांगितलं. पोटावर जांभळ्या रेघा होत्या. मानेमागे चरबीचा उंचवटा होता, आणि तो चंद्रासारखा चेहरा. वैद्यकाच्या पुस्तकातही त्याला हेच नाव आहे.

“प्रेमिला, हे अंगावरचं मांस नाही. ही सूज आहे. तुझ्या पुडीत स्टेरॉइड आहे असं मला वाटतं.”

“ते काय असते?”

“औषधच असतं. जालीम औषध. दम्यात आम्हीही देतो, पण मोजून, थोडे दिवस. रोज घेतलं तर हाडं पोखरतं. आणि शरीर स्वतःचं तसलं रसायन बनवायचं सोडून देतं. बाहेरून मिळतंय, मग कशाला बनवायचं? म्हणून आता नीट ऐक. पुडी एकदम बंद करायची नाही. एक दिवससुद्धा नाही. मी हळूहळू उतरवीन.”

प्रेमिलानं बाही खाली ओढली. “बाई, तुमी म्हणता ते खरं असंल. पण मी उताणी झोपून राहिली आता. जन्मात पहिल्यांदा. छताकडे पाहत झोप लागते मले. तुमाले नाही समजत ते.”

शामलाला ते समजत होतं. म्हणूनच तिला जास्त राग आला. प्रेमिलाजवळची एक पुडी तिनं मागून घेतली आणि औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीकडे तपासायला पाठवली.

पुढच्या रविवारी प्रोफेसरांनी सवयीप्रमाणे प्रेमिलाला स्टेजवर घेतलं. “सांग माउली, काही त्रास?” ह्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं. पण प्रेमिला साधी बाई. तिला वाटलं, विचारतात तर सांगावं.

“दम नाही जी. पण अंगावर डाग पडून राहिले. अन् हा हात भरत नाही. डॉक्टरबाई म्हणते का पुडीनं होते.”

माईकची खरखर तेवढी ऐकू येत होती. प्रोफेसरांच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. डोळे मात्र बारीक झाले.

“म्हणजे शंका आली,” ते हळूच म्हणाले. मग लोकांकडे वळले. “एन्झाइमला उष्णतेचं भय नाही, थंडीचं नाही. त्याला भय आहे शंकेचं! ह्या बाईच्या पोटातलं एन्झाइम ह्या क्षणी मरून राहिलं आहे. पण मी दयाळू आहे. तिला मी आजपासून शुद्धीची पुडी देतो. शंका गेली तर वाचेल. नाही गेली, तर एन्झाइमचा कोप सायन्सलाही थांबवता येत नाही.”

आणि त्यांनी वेगळ्या डब्यातून पुड्या काढून दिल्या.

प्रेमिलाची सासू अंजनाबाई पुढे बसली होती. गुडघ्यांसाठी तीही प्रोफेसरांची पुडी घ्यायची आणि तिचे गुडघे वर्षभर दुखले नव्हते. घरी जाताना ती सुनेवर करवादली. “काय वं, तोंड शिवून ठेवता नाही आलं तुले? चारचौघांत प्रोफेसरसाहेबाले खाली पाहायले लावलं!”

चंपतरावांना आपण काय करतोय हे पक्कं माहीत होतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांचे डबे ते स्वतः विकत घेत आणि स्वतः खलात कुटत. पुडी थांबली की रोगी आडवा होतो आणि पुन्हा दिली की उठून बसतो, हे त्यांनी आधी एक-दोघांवर पाहिलेलं होतं. आता त्यांना तेच हजार लोकांसमोर करून दाखवायचं होतं. शंकेखोर बाई खाटेवर येईल, क्षमा मागेल, जुनी पुडी घेईल आणि चालत घरी जाईल. त्यानंतर महालात कोणाची शंका घ्यायची हिंमत झाली असती? शुद्धीच्या पुडीत नुसती दुधाची साखर होती.

मंगळवारी प्रेमिलाचे हातपाय गळाले. बुधवारी जुना दमा परत आला आणि ती पुन्हा उशी छातीशी धरून भिंतीला टेकली. मग उलट्या सुरू झाल्या. पाणीही ठरेना. देवराव घाबरला. “डॉक्टरबाईले बोलावू का?” त्यानं आईला विचारलं.

“तिच्याचपायी झालं हे सारं,” अंजनाबाई म्हणाली. “अजून शंका घेशील तर जीव जाईन पोरीचा.”

देवरावनं प्रोफेसरांकडे धाव घेतली. प्रोफेसर म्हणाले, “रविवारी आणा. सगळ्यांसमोर.”

“तवरिक राहील का जी?”

“विश्वास असेल तर राहील.”

शनिवारी संध्याकाळी मैत्रिणीचा निरोप आला. पुडीत पपई नावालाही नव्हती. प्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड होतं, तेही भरपूर. रविवारी सकाळी शामला ते सांगायला प्रेमिलाच्या घरी गेली, तर दाराला कुलूप. शेजारच्या शोभाताईंनी सांगितलं, “खाटेवर नेलं बाई तिले. डोळे फिरवून राहिली होती. नवी पुडी घेतल्यापासून बिघडली म्हणतात.”

‘नवी पुडी’ एवढं ऐकल्यावर शामलाला पुढचं कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं दवाखान्यातून बॅग उचलली आणि ती पळत सुटली.

स्टेजवर खाट ठेवली होती. प्रेमिलाचा गोल चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. ओठ कोरडे, छाती वरखाली होत असलेली, घशातून शिट्टीसारखा आवाज. आणि शेजारी माईक धरून प्रोफेसर बोलत होते.

“हाच तो कोप! डोळे भरून पाहा! बोल माउली, शंका गेली?”

प्रेमिलाचे ओठ हलले. प्रोफेसरांनी माईक तिच्या तोंडाजवळ नेला. लाउडस्पीकरमधून तो घरघरणारा श्वास साऱ्या पटांगणावर पसरला. लहान मुलं रडायला लागली.

“गेली,” ती म्हणाली.

“मोठ्यानं!”

“गेली... जी.”

प्रोफेसरांनी जुन्या डब्यातली पुडी सगळ्यांना दाखवून उघडली आणि पाण्यात कालवून तिच्या तोंडात ओतली. पटांगणानं मान उंच केली. आता ती उठणार होती.

प्रेमिलानं ते सगळं उलटून टाकलं.

प्रोफेसरांनी दुसरी पुडी ओतली. तीही बाहेर आली. तिसरीही तशीच बाहेर पडली. पोटात टिकेल तर औषध, आणि पोटात काहीच टिकत नव्हतं. तेवढा हिशेब त्यांनी केला नव्हता.

“बाजूला व्हा! तिला इंजेक्शन द्यायचंय!” शामला गर्दीतून वाट काढत स्टेजपर्यंत पोचली. पायऱ्यांवर देवराव आडवा उभा राहिला.

“बाई, हात नका लावू तिले.”

“देवराव, तिचा रक्तदाब उतरलाय. शिरेतून औषध गेलं तर वाचेल. त्याच पुडीतलं औषध आहे, फक्त सुईतून द्यायचं.”

“लावू द्या हात!” प्रोफेसर माईकवरून म्हणाले. आवाज सावरला होता. “पण सुई टोचली की एन्झाइम मेलं. मग बाई गेली तर जबाबदारी डॉक्टरीणबाईंची. देवराव, बायको तुमची आहे. तुम्ही ठरवा.”

देवरावनं बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, त्या हजार चेहऱ्यांकडे पाहिलं. “नाही,” तो म्हणाला. “नका लावू.”

शामलानं त्याला ढकललं. दोन माणसांनी तिला मागे ओढलं. बॅग पडली, सलाइनची बाटली पायरीवर फुटली. ती ओरडत राहिली आणि माईकपुढे तिचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. ती सुटून खाटेपाशी पोचली, तेव्हा शिट्टीचा आवाज थांबला होता. तिनं तरी सुई टोचली, छाती दाबली, तोंडानं श्वास दिला. मग ती खाटेच्या कडेला बसली.

“शंकेनं नेलं,” प्रोफेसर म्हणाले.

आणि लोकांनी मान डोलावली.

पोलीस ठाण्यात शामलाला विचारलं गेलं, “नवऱ्याची तक्रार आहे का?” नव्हती. कारखान्यात पाळी बदलते तसं सगळं पुढे सरकलं. त्यानंतरच्या रविवारी पटांगण पुरलं नाही, लोक गल्लीत उभे राहिले. आता ते केवळ बरं व्हायला येत नव्हते, भीतीनंही येत होते. पुडी चुकली तर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. प्रेमिला जिवंत असताना प्रोफेसरांच्या जेवढी उपयोगी पडली, त्याहून जास्त ती मेल्यावर पडली.

देवराव कामावर जात नव्हता. एका दुपारी घरात एकटाच बसलेला असताना फळीवर त्याला प्रेमिलाची उरलेली शुद्धीची पुडी दिसली. त्याच्या मनात काय आलं ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. त्यानं ती उघडून जिभेला लावली. गोड लागली. शेजारी आईच्या पुड्या होत्या. त्यातली एक उघडून त्यानं तीही चाखली. कडू जहर! तोंड वाकडं झालं. प्रेमिला वर्षभर पुडी घेताना असंच तोंड वाकडं करायची, आणि शेवटच्या आठवड्यात करत नव्हती. हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि तो उठून उभाच राहिला.

दवाखान्यात रोगी बसले होते. तो सरळ आत गेला आणि दोन्ही पुड्या टेबलावर ठेवल्या.

“बाई, हे एकच औषध आहे का?”

“नाही,” शामला दोन्ही चाखून म्हणाली. “ही खरी. ही साखर.”

“म्हंजे त्यानं बदललं.”

“हो.”

“अन् तुमी सुई टोचायले आल्या, तवा मी आडवा झालो.”

शामलानं दोन्ही पुड्या पुन्हा गुंडाळल्या. खोटं बोलून त्याला धीर देता आला असता. तिनं दिला नाही. देवराव भिंतीला धरून खाली बसला आणि रोग्यांसमोर हंबरडा फोडून रडला.

रविवारी तो पटांगणात सर्वांत पुढे होता. प्रोफेसरांना त्याला पाहून आनंद झाला. बायको गमावलेला नवरा स्वतः शरण येतोय, ह्याहून चांगली जाहिरात कोणती?

“ह्या प्रामाणिक माणसाची आज मी परीक्षा घेतो,” ते म्हणाले आणि पितळेची डबी खिशातून निघाली. देवरावनं हात पुढे केला, पण प्रोफेसरांनी चिमूट भरायच्या आत त्यांचं मनगट पकडून डबी हिसकावली. कारखान्यात लोखंड उचलणारा हात होता तो. जो पुडी बदलतो तो भुकटीही बदलत असणार, हे त्यानं ताडलं होतं.

“पाहा रे सारे!” त्यानं डबी उंच धरली. “चुन्या-तमाखूची डबी आहे ही. हिले दोन तोंडं आहेत!”

पटांगणातल्या निम्म्या पुरुषांच्या खिशात तशीच डबी होती. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. इतके रविवार ते ती पाहत होते आणि मनगट फिरताना दुसरं तोंड वर येतं हे कोणाला दिसलं नव्हतं. देवरावनं एक झाकण उघडलं, भुकटी स्वतःच्या तोंडाला फासली. काही झालं नाही. मग दुसरं झाकण उघडलं, प्रोफेसरांची मान धरली आणि सगळी भुकटी कॉलरच्या आत, पाठीवर उलटी केली.

“खाजकुयली!” धोंडबा ओरडला. “अरे, खाजकुयलीची कुसं आहेत!”

प्रोफेसर दोन क्षण शास्त्रज्ञासारखे उभे राहिले. मग त्यांनी मान झटकली. मग कोट भिरकावला, सदरा फाडला आणि स्टेजच्या खांबाला ते म्हशीसारखी पाठ घासायला लागले. गर्दीत उभी असलेली शामला वर आली. तिनं टेबलावरची थेंबांची बाटली उचलून त्यांच्यापुढे धरली. “घ्या. पाच थेंब.”

आणि तो माणूस इतका कासावीस झाला होता, की त्यानं ती खरंच हिसकावून अख्खी बाटली घशात रिकामी केली आणि तरीही खाजवतच राहिला. पटांगण हसलं. आधी चाचरत, मग पोट धरून. प्रेमिला जिथे गेली त्याच फळ्यांवर तो माणूस लोळत होता आणि लोक हसत होते. देवराव हसत नव्हता.

शामलानं माईक घेतला. “ऐका. बरणीतली गंमत खरी आहे. कच्च्या पपईनं मटण शिजतं हे तुमच्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. पण पपईचा चीक पोटात गेला, की तो स्वतःच पचून जातो. ॲलर्जीपर्यंत पोचत नाही. एन्झाइमनं ॲलर्जी बरी होते का, ह्यावर कुणी पाणी आणि औषध अदलून-बदलून नीट प्रयोग करून दाखवले, तर मी पहिली मान्य करीन. ह्या माणसानं प्रयोग केला नाही. तुमच्या पुडीत स्टेरॉइड आहे. त्यानं तुमचा दमा थांबला. ते काढून घेतलं म्हणून प्रेमिला गेली. म्हणून हात जोडून सांगते, पुड्या फेकू नका! एकदम थांबवू नका! माझ्याकडे या, मी...”

पण कोणी ऐकत नव्हतं. ज्या जोरानं लोक टाळ्या वाजवायचे त्याच जोरानं आता ते खुर्च्या फेकत होते. बरण्या फुटल्या. प्रोफेसरांना पोलिसांनी नेलं नसतं तर लोकांनी त्यांना जिवंत ठेवलं नसतं. आणि जो तो खिशातल्या, पदरातल्या पुड्या काढून नालीत फेकत होता. नाली पांढरी झाली. शामला माईकवर “फेकू नका, फेकू नका” म्हणत होती आणि लोक “डॉक्टरबाई की जय” म्हणत फेकत होते.

तिनं त्या आठवड्यात दवाखाना बंद ठेवला आणि देवरावच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून महालातली गल्ली न् गल्ली पालथी घातली. बहुतेक जण वेळेत सापडले. नत्थूजी नावाचा एक रिक्षावाला सापडला नाही. तो गावाकडे निघून गेला होता आणि तिथे, ज्या रोगानं प्रेमिला गेली त्याच रोगानं, कोणाला काही न कळता गेला.

सर्वांत शेवटी देवराव तिला स्वतःच्या घरी घेऊन आला. आईच्या पुड्या त्यानंच रागाच्या भरात फेकल्या होत्या आणि ती डॉक्टरबाईचं नावही काढू देत नव्हती. अंजनाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. उलट्या सुरू झाल्या होत्या. शामलानं इंजेक्शन भरलं.

म्हातारीनं हात आखडून घेतला. “काय आहे त्याच्यात?”

“औषध आहे, मावशी.”

“ते तोही म्हणे. नाव सांग. काहून देऊन राहिली, ते सांग. अन् यानं मले काही झालं तर काय करशील, तेही सांग. मंगच टोचजो.”

देवराव चिडून पुढे आला. “आई, जीव वाचवायले आली ते, अन् तू...”

“थांबा,” शामला म्हणाली. “त्यांना विचारू द्या.”

ती खाटेच्या कडेला बसली. सुई बाजूला ठेवून तिनं हायड्रोकॉर्टिसोन ह्या स्टेरॉइडची बाटली म्हातारीच्या हातात दिली, तिच्यावरचं नाव वाचून दाखवलं, हे किती आणि का द्यायचं, किती आठवड्यांत उतरवायचं, गुडघे पुन्हा दुखतील आणि त्यावर काय करता येईल, काय करता येणार नाही, सगळं सांगितलं. अंजनाबाईनं आणखी प्रश्न विचारले. काही तिरकस होते, एक अपमान करणारा होता. शामलानं प्रत्येकाचं उत्तर दिलं. मग म्हातारीनं बाही वर केली.

वाचकहो, माझं सांगणं फार थोडं आहे. पांढरा कोट पाहून विश्वास ठेवू नका; चंपतरावांच्या अंगावरही तोच होता. जर्मनीच्या नावावर ठेवू नका, ऋषींच्या नावावर ठेवू नका, शेजारी बरा झाला म्हणूनही ठेवू नका. औषधाला नाव असतं, मात्रा असते, धोका असतो, आणि ते देणाऱ्याला तुमच्या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला राग येतो, जो तुमच्या शंकेला पाप म्हणतो, त्याच्या दारातून तुमच्या माणसाला उचला आणि बाहेर काढा. त्या वेळी लोक काय म्हणतील ह्याचा विचार करू नका. देवरावनं तो केला होता.